द्राक्षबागेतील फवारण्या आणि गर्भारपण : जन्मजात व्यंगाचा धोका नेमका केव्हा असतो?

रानजाई

नमस्कार मंडळी.

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात पुढचे चार महिने फवारणीचे ब्लोअर फारसे थांबत नाहीत. ढगाळ हवा आली की डाऊनी या बुरशीरोगाची भीती, थंडी पडली की भुरी या दुसऱ्या बुरशीची, फुलोऱ्यात फुलकिड्यांची आणि मणी भरू लागले की पिठ्या ढेकणाची. फवारणी पुरुष करतात, म्हणून औषधाची बाधा झाली तर ती त्यांनाच होणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बागेत सर्वांत जास्त तास असतात त्या बायका. फेलफुटी (नको असलेली फूट) काढणे, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) ही सगळी कामे त्यांच्याच हातची असतात, मग त्या घरच्या असोत किंवा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतल्या.

ज्यांनी डिपिंग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. घड मांडवाखाली डोक्याच्या उंचीवर लोंबत असतात. बाई एका हातात द्रावणाने भरलेला मग धरते, घड त्यात बुडवते, हलवते आणि पुढच्या घडाकडे सरकते. हात सतत वर असल्याने द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते, बांगड्यांखाली साचते आणि दुपारपर्यंत पोलक्याची बाही भिजून अंगाला चिकटलेली असते. द्रावण मुख्यतः जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अॅसिडचे, असले तरी आमच्याकडे त्यात बुरशीनाशक किंवा कीटकनाशक मिसळण्याचीही पद्धत आहे. शिवाय सकाळी फवारलेल्या बागेत दुपारी बायका पानांत हात घालून काम करत असतात, हे नित्याचेच आहे.

माझ्या धाकट्या जावेला सातवा आठवडा लागला आहे. हे कळण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती बागेत होती. घरात कोणी म्हणते, काही होत नाही, आपण सगळ्या अशाच बाळंत झालो. तर कोणी तिला अशा काही गोष्टी सांगते की ती रात्र-रात्र झोपत नाही. मला या दोन्ही टोकांच्या मधले, खरे काय ते जाणून घ्यायचे आहे. औषधांमुळे बाळात व्यंग येऊ शकते का, येत असेल तर कोणत्या दिवसांत, आणि जे घडून गेले त्यावर आता काय करता येईल?

प्रसूतितज्ज्ञ

रानजाई ताई, सर्वप्रथम जाऊबाईंना सांगा की बागेत काम केले एवढ्या कारणावरून गर्भ नको म्हणण्याचे काहीही वैद्यकीय कारण नाही. हे अगोदर सांगतो, कारण अशा भीतीपोटी घाईने गर्भपाताच्या गोळ्या घेऊन आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

कोणत्याही गर्भारपणात, औषधांशी कसलाही संबंध नसला तरीही, साधारणपणे १०० पैकी २ ते ३ बाळांत एखादे लक्षणीय जन्मजात व्यंग आढळते. कीटकनाशकांच्या संपर्काने हा धोका वाढू शकतो. तथापि बहुतेक अभ्यासांत आढळलेली वाढ लहान आहे आणि ती संपर्काच्या प्रमाणावर अवलंबून आहे. म्हणजे बागेत गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे निरोगीच जन्मतात. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव त्या अर्थाने खोटा नाही. पण एका घरातल्या पाच बाळंतपणांवरून हजारात दोन-चारांनी वाढलेला धोका कधीच दिसणार नाही, हेही तितकेच खरे.

आता दिवसांचा प्रश्न. गर्भाचे अवयव घडण्याचा काळ गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात येतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात ती नलिका २८ व्या दिवसाच्या सुमारास पूर्ण मिटते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर हा सहावा आठवडा झाला. पाळी चुकली, दोन आठवडे वाट पाहिली, मग चाचणी केली, एवढ्यात ही नलिका एकतर मिटलेली असते किंवा मिटायची राहून गेलेली असते. हृदयाचे कप्पे, हातपाय, ओठ आणि टाळू यांची घडणही पुढच्या काही आठवड्यांतच होते. त्यामुळे ‘दिवस गेल्याचे कळले की बागेत जाणे थांबवू’ हा बेत चांगला असला तरी अर्धा उशीर झालेला बेत आहे.

जाऊबाईंनी आता करायचे ते असे. फॉलिक अॅसिड सुरू नसेल तर आजच सुरू करावे. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी चुकवू नये आणि १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी अनुभवी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. मज्जारज्जूची बहुतेक मोठी व्यंगे, हृदयाची अनेक व्यंगे आणि हातापायांची व्यंगे तेव्हा दिसतात. डॉक्टरांना ‘शेतीकाम करते’ एवढेच न सांगता कोणती औषधे, कोणत्या तारखांना, किती जवळून, हे लिहून न्यावे. साखर आणि थायरॉईड तपासून घ्यावे, कारण पाळी चुकण्याच्या सुमारास अनियंत्रित असलेला मधुमेह हा जन्मजात व्यंगाचा कीटकनाशकांपेक्षा कितीतरी अधिक पक्का सिद्ध झालेला घटक आहे.

द्राक्षवेल

मी स्वतः बागायतदार आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. प्रत्येक दुखण्याचे खापर औषधांवर फोडण्याची सवय लागली आहे. आज बाजारात असलेली पुष्कळशी औषधे डब्यावर लाल त्रिकोण असलेल्या जुन्या औषधांच्या मानाने सौम्य आहेत. आमच्या बागेत वर्षानुवर्षे लाल त्रिकोणाचे औषध आलेले नाही. बहुतेक सगळे निळे किंवा हिरवे असते. हिरव्या त्रिकोणाच्या औषधाने गर्भाला इजा होते म्हणणे मला पटत नाही. व्यंगाची कारणे रक्तातल्या नात्यातली लग्ने, कुपोषण, तापाची आजारपणे अशी कितीतरी असतात.

शेतीशास्त्र

द्राक्षवेल, आपण मांडलेला मुद्दा इतका सर्वदूर पसरलेला आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग ‘कीटकनाशके नियम, १९७१’ प्रमाणे ठरतो, आणि तो ठरतो एकाच मोजमापावर : औषध पोटात गेले किंवा कातडीला लागले तर किती मात्रेत निम्मे प्रयोगप्राणी मरतात. तोंडावाटे शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याहून अधिक लागत असेल तर हिरवा. म्हणजे हा रंग तत्काळ विषबाधेबद्दल बोलतो. गर्भ, प्रजनन, कर्करोग किंवा थायरॉईड यांबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही.

उदाहरणे आपल्याच बागेतली घेऊ. कार्बेन्डाझिम, ज्याला दुकानात सगळे बाविस्टीन म्हणतात, तत्काळ विषारीपणाच्या दृष्टीने अतिशय सौम्य आहे. पण पेशी विभागताना गुणसूत्रांना ओढून वेगळे करणाऱ्या सूक्ष्म नलिका बनू न देणे, हाच त्याचा बुरशी मारण्याचा मार्ग आहे. आणि गर्भ म्हणजे अहोरात्र विभागणाऱ्या पेशीच. प्रयोगप्राण्यांत त्याने गर्भात व्यंगे निर्माण केली आहेत. युरोपीय संघाने त्याला ‘गर्भाला इजा करू शकते’ अशा वर्गात ठेवले आणि २०१४ नंतर पिकांवरील वापराची परवानगी संपू दिली. दुसरे मॅन्कोझेब, म्हणजे आपले एम-४५. तेही तसेच ‘सौम्य’. ते विघटित झाले की त्यातून इथिलीन थायोयुरिया तयार होते, जे थायरॉईडचे कार्य दाबते आणि प्राण्यांच्या गर्भात मेंदूची व्यंगे घडवते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा जो मसुदा काढला होता, त्यात ही दोन्ही नावे होती. अंतिम बंदीत ती राहिली नाहीत.

भुरीसाठी ज्यांनी पूर्वी कॅराथेन मारले आहे त्यांना त्यातले डिनोकॅप आठवत असेल. सशांवरील प्रयोगांत त्याने व्यंगे निर्माण होतात हे १९८० च्या दशकातच समोर आले होते आणि अमेरिकेत त्यावर तेव्हाच विशेष पुनर्विचार झाला. भारतात त्यावर बंदी आली २०२३ मध्ये. मधल्या काळात ते ज्या बागांत वापरले गेले, त्या बागांत काम करणाऱ्या स्त्रियांना कोणी काही सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

प्राण्यांना दिलेल्या मात्रा मोठ्या असतात आणि ससा म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण त्या प्रयोगांचा निष्कर्ष डब्यावर कुठेच दिसत नाही आणि शेतकरी रंगाकडे पाहून निर्धास्त होतो, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते.

नेत्रावतीकाठ

मी कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यातला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीला जवळची चित्पावनी बोलली जाते, त्यामुळे हा धागा आवर्जून वाचला. आमच्या तालुक्यातली कोक्कड, पट्रमे, निड्ले ही गावे आणि सीमेपलीकडची, केरळच्या कासरगोड जिल्ह्यातली एन्मकजे, पड्रे ही गावे एंडोसल्फान या कीटकनाशकामुळे देशभर माहीत झाली. कोकण आणि गोव्यात काजू पिकवणाऱ्यांनी तरी ही हकिकत वाचायला हवी, कारण काजूवरच्या ज्या ढेकण्या या किडीसाठी तुमच्याकडे फवारण्या होतात, त्याच ढेकण्यासाठी तिथे हे सारे झाले.

केरळच्या सरकारी प्लांटेशन कॉर्पोरेशनने कासरगोडमधल्या सुमारे ४६०० हेक्टर काजूवर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले. डोंगरमाथ्यावर काजू आणि उतारावर घरे, विहिरी आणि सुरंगा, म्हणजे डोंगरात आडवे खणलेले पाण्याचे बोगदे. वरून पडलेले औषध पावसाबरोबर खाली येणारच. पड्रे गावचे डॉक्टर मोहनकुमार यांना आपल्या छोट्याशा कार्यक्षेत्रात मतिमंदत्व, झटके आणि जन्मजात व्यंगे विलक्षण प्रमाणात दिसू लागली आणि त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. पत्रकार श्रीपड्रे यांनी सातत्याने लिहिले. कृषी खात्यात नोकरीला असलेल्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने फवारणी थांबल्यानंतर पाहणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फवारणीच्या गावातील ११७ मुलगे आणि दूरच्या गावातील ९० मुलगे यांची तुलना आहे. फवारणीच्या गावातल्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान अधिक होते आणि वयात येणे लांबलेले होते. पुढे १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. प्रत्येक व्यंगाचे कारण एंडोसल्फानच होते का, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. ते वाद होऊ द्यावेत. पण पंचवीस वर्षे वस्तीवर विष फवारताना एकाही गर्भवतीची नोंद ठेवली गेली नाही, म्हणूनच हा वाद कायमचा अनिर्णित राहिला, असे माझे मत आहे. जो पुरावा गोळाच केला नाही, तो ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रसूतितज्ज्ञ

नेत्रावतीकाठ यांनी नोंदीचा मुद्दा काढला, तो फार मोलाचा आहे. कॅलिफोर्नियात १९९० पासून शेतीत वापरलेल्या प्रत्येक कीटकनाशकाची जागा, तारीख आणि मात्रा सरकारला कळवणे बंधनकारक आहे. त्या नोंदींना जन्मनोंदी जोडून २०१७ मध्ये सान वाकीन खोऱ्यातील सुमारे ५ लाख जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण संपर्कात असलेल्या मातांच्या बाळांत फरक दिसला नाही. पण सर्वाधिक संपर्काच्या ५ टक्के गटात कमी वजन, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि जन्मजात दोष यांसारख्या अनिष्ट परिणामांचा धोका ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. द्राक्षवेल यांच्या शंकेचे आणि रानजाई ताईंच्या काळजीचेही उत्तर या एका अभ्यासात आहे. धोका सरसकट नाही, तो वरच्या टोकाला साचलेला आहे. रोज भिजलेल्या बाहीने डिपिंग करणारी बाई कोणत्या टोकाला येते, हे मला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, व्यंग म्हणजे डोळ्यांना दिसणारे तेवढेच नव्हे. कॅलिफोर्नियातल्याच सॅलिनास खोऱ्यात १९९९ पासून शेतमजूर कुटुंबांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा होत आहे. ज्या मातांच्या लघवीत ऑरगॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी संपर्काच्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. अशी मुले जन्मतः अगदी सुदृढ दिसतात. मेंदूची घडण नऊही महिने आणि नंतरही चालू असते, म्हणून ‘पहिले तीन महिने पार पडले, आता बागेत जायला हरकत नाही’ हा समजही धोक्याचा आहे.

अंगणओसरी

मी आदिवासी भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते. डॉक्टरांनी सांगितलेला सहावा आठवडा वाचून माझ्या मनात जे आले ते लिहिते. आमच्याकडे, आणि बहुतेक सगळीकडेच, पहिले तीन महिने दिवस गेल्याचे कोणाला सांगत नाहीत. दृष्ट लागेल, काही कमीजास्त झाले तर चर्चा नको, अशी कारणे असतात. नवऱ्याला आणि सासूला माहीत असते, मुकादमाला कधीच नसते. म्हणजे ज्या काळात तिला औषधापासून सर्वांत जास्त जपायचे, नेमका तोच काळ लपवण्याचा असतो. त्यात काम एकरावर, उक्ते. टोळीतली एक बाई मागे राहिली तर बाकीच्यांवर भार पडतो आणि उचल घेतलेली असल्याने घरी परतण्याची सोय नसते. अशा बाईला ‘काळजी घे’ म्हणणे म्हणजे जबाबदारी तिच्याच पदरात टाकून मोकळे होणे आहे.

म्हणून माझी विनंती बागमालकांना आहे. टोळीतल्या कोणाला दिवस गेले आहेत का, हे विचारू नका. ती सांगणार नाही, आणि विचारले तर पुढच्या हंगामात तरुण बायकांना कामच मिळणार नाही. टोळीतली प्रत्येक बाई गर्भवती असू शकते, असे धरून बागेचे वेळापत्रक लावा.

आणखी एक, घरातल्या बाईचे. बागेत न जाणारी गर्भवतीसुद्धा फवारणीचे कपडे धुते, बियाण्याला बुरशीनाशक चोळते, औषधाचा रिकामा डबा घासून त्यात धान्य भरते. नवरा फवारून आला की तसाच पहिल्या लेकराला उचलतो आणि त्याच कपड्यांनी जेवायला बसतो. फवारणी करणाऱ्याने बागेतच कपडे बदलावेत, आंघोळ करावी आणि ते कपडे त्याने स्वतः वेगळ्या बादलीत धुवावेत. यात पैसा लागत नाही.

द्राक्षवेल

शेतीशास्त्र यांचा प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचला आणि अंगणओसरी ताईंचाही. वेळापत्रकाविषयी बागायतदाराच्या बाजूने जे व्यवहारात शक्य आहे ते सांगतो.

निर्यातीच्या बागेत आम्ही प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा नोंदवहीत लिहितो, कारण त्याशिवाय बागेची नोंदणी टिकत नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत प्रत्येक औषधासमोर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे हे दिलेले असते आणि ते आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळतो. अवशेष मर्यादेबाहेर गेले तर कंटेनर अडकतो. फवारणीनंतर माणसाने बागेत किती तासांनी शिरावे, याचा हिशोब मात्र आम्ही ठेवत नाही. अमेरिकेत लेबलवरच १२, २४, ४८ तास असे बंधन छापलेले असते. आपण निदान एवढे करू शकतो की बागेचे दोन भाग करून ज्या भागात फवारणी झाली तिथले हातकाम दुसऱ्या दिवशीवर ढकलायचे आणि टोळीला त्या दिवशी दुसऱ्या भागात लावायचे. माझी बाग लहान असूनही हे जमण्यासारखे आहे. मुकादमालाही नोंदवहीतले पान दाखवता येईल. डिपिंगच्या द्रावणात फक्त जीए ठेवून बाकीची औषधे वेगळी फवारणे हेही शक्य आहे. मजुरी थोडी वाढेल, पण तो खर्च बागायतदाराचाच आहे. कोपरापर्यंतचे नायट्राईल हातमोजे मिळतात. मात्र हात वर असल्याने द्रावण आत शिरू नये म्हणून त्यांची कड बाहेरून दुमडावी लागते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. फवारणीच्या नोंदवहीतली तिच्या पाळीच्या तारखेनंतरची पाने उतरवून घेतली आहेत. त्यांत मॅन्कोझेब वारंवार आहे, कार्बेन्डाझिम एकदा आहे. तिला एकच विचारायचे आहे की रक्त तपासून शरीरात किती औषध आहे हे कळेल का, आणि पुढे बाळाला अंगावर पाजताना काही धोका आहे का?

प्रसूतितज्ज्ञ

ऑरगॅनोफॉस्फेट औषधांसाठी रक्तातील कोलिनइस्टरेज या विकराची तपासणी होते, पण ती अलीकडच्या मोठ्या संपर्कासाठी उपयोगी आहे. आपल्या यादीतील दोन्ही औषधे त्या प्रकारची नाहीत, म्हणून ती करू नये. मॅन्कोझेबचे अवशेष लघवीत मोजता येतात, मात्र ती संशोधनातील चाचणी आहे आणि ते अवशेष काही दिवसांतच बाहेर पडून जातात. आज मोजून सहाव्या आठवड्यात काय होते ते कळणार नाही. त्यापेक्षा मॅन्कोझेबचा थायरॉईडशी असलेला संबंध लक्षात घेऊन टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी आता करून घ्यावी. ती आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही होते आणि काही कमी-अधिक निघाले तर त्यावर खात्रीचा उपचार आहे. आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

या भीतीने अंगावर पाजणे थांबवू नये. दुधातून अत्यल्प अंश जाऊ शकतो. पण दूध तोडल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे. पाजणाऱ्या आईने डिपिंग आणि फवारलेल्या भागातले काम टाळावे, आणि बाळाची झोळी बागेच्या बांधावर बांधू नये. सविस्तर सोनोग्राफीचा अहवाल आला की इथे जरूर कळवा.